तेहतीसचे टायर आणि उतरवलेली लिफ्ट: दिंडोरीकडच्या एका थारचं प्रकरण

पार्श्वभूमी

मे २०२४ चा शेवटचा आठवडा. खरड छाटणी उरकली होती, बागा नव्या फुटीला लागल्या होत्या, आणि दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार भर दुपारी आमच्या अंबडच्या गॅरेजवर आले. त्यांच्या परवानगीनेच लिहितोय, पण नाव-गाव गाळतो. इथे त्यांना भाऊ म्हणू. गाडी २०२१ ची थार. डिझेल, मॅन्युअल, हार्ड टॉप, कंपनीचे २५५/६५ आर १८ टायर. खाली उतरायच्या आधीच त्यांनी काच खाली करून विचारलं, "तेहतीस टाकायचेत आणि दोन इंची लिफ्ट. किती दिवस लागतील?"

(तेहतीस म्हणजे तेहतीस इंच व्यासाचे टायर, आणि लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी उंच करणं.) म्हणजे सल्ला मागायला ते आलेच नव्हते. ज्या ग्रुपबरोबर ते रविवारी फिरतात, त्यातल्या पाचपैकी दोन गाड्या तेहतीसवर आहेत. मागच्या पावसाळ्यात वैतरणेच्या बाजूला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या रानात हे सगळे गेले होते. तिथे भाऊंची गाडी चाकोरीत बसली आणि तेहतीसवाल्याने ती ओढून काढली. व्हिडिओ ग्रुपवर अजून फिरतो. निर्णय तिथेच झालेला होता.

आमच्या मिस्त्रींची एक सवय आहे. गाडीने पुढे काय करायचंय हे ते विचारत नाहीत, गेल्या वर्षभरात काय केलं ते विचारतात. भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं. रोज घर ते बाग ते पॅकहाऊस, त्यात चारेक किलोमीटर पाणंद. आठवड्यातून दोनदा नाशिक. महिना-दोन महिन्यांनी कसारा घाटातून मुंबई, बरोबर वडील. त्यांना सगळे नाना म्हणतात, गुडघ्यांची तक्रार आहे. आणि ग्रुपबरोबर वर्षाला सात-आठ रविवार, इगतपुरी, पेठ, हरसूलच्या बाजूला.

अडचण नेमकी कुठे होती

गाडी पिटवर घेतली आणि बॅटरी लावून खालून पाहिली. हे पाहिलं नसतं तर आम्हीही तेहतीसची ऑर्डर लिहून मोकळे झालो असतो.

मागच्या डिफरेन्शियलच्या (थोडक्यात डिफ, दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) गोळ्यावर वाळलेल्या गवताची दाढी लोंबत होती. गोळ्याचा तळ दगडाने घासून चकचकीत झालेला. मागच्या शॉकअप्सची खालची टोकंही खरवडलेली. पुढे मात्र विशबोनखालच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यांखालच्या पत्र्यावर एकच जुना ओरखडा होता. चॅसिस आणि गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी जवळजवळ कोरी. डाव्या बाजूचा फूटस्टेप मधोमध वर वाकलेला.

म्हणजे गाडी दोन वेगवेगळ्या जागी लागत होती. पाणंदीत आणि चाकोरीत मागचा डिफ मधल्या वरंब्यावर बसत होता. पावसाळ्यात औषध फवारणीला ब्लोअर लावून ट्रॅक्टरच्या फेऱ्या सुरू असतात, काळ्या मातीत चाकोऱ्या खोल जातात, आणि ट्रॅक्टरची उंची थारला नसते. दुसरीकडे, बांध ओलांडताना फूटस्टेप टेकत होता.

हा फरक का महत्त्वाचा? थारला मागे सलग एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा. डिफ त्या एक्सलमध्येच बसलेला आणि एक्सल चाकांवर टेकलेला. स्प्रिंग उंच केली की बॉडी, चॅसिस, बंपर, फूटस्टेप सगळं वर जातं, डिफ जागचा हलत नाही. दोन इंची लिफ्ट टाका नाहीतर चार इंची, त्या गवताच्या दाढीला फरक पडणार नव्हता. डिफ वर न्यायचा तर टायरचा व्यास वाढवायचा, आणि त्यातही वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची पदरात पडते.

हे सांगितल्यावर भाऊ बराच वेळ पिटमध्ये वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मग त्या दोघांनी लिफ्ट कशाला केली?" मिस्त्री म्हणाले, "टायर मावायला."

आकडे

कागदावर मांडणी केली, ती इथेही देतो, कारण टायरच्या खरेदीत हा हिशोब सहसा कोणी करत नाही. २५५/६५ आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १६६, आणि रिम १८ इंची, म्हणजे ४५७. भिंत दोनदा धरायची. एकूण व्यास ७८९ मिलिमीटर, साधारण ३१ इंच. म्हणजे कंपनीचं टायर मुळातच एकतीसचं आहे. पुष्कळांना हे ऐकून धक्का बसतो.

भाऊंना हवं होतं ते २८५/७० आर १७. व्यास ८३१, पावणेतेहतीस इंच. वाढ ४२ मिलिमीटर, डिफ वर जाणार २१. बोटाच्या पेराएवढं. त्याच्या बदल्यात चाकाचा घेर ५.३ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. मीटर मुळात बरोबर आहे असं धरलं, तर काट्यावर ८० दिसताना गाडी ८४ ने चाललेली असते. शिवाय वजन. शेजारच्याकडून त्या मापाचं चाक आणून काट्यावर ठेवलं, ते मूळ चाकापेक्षा सात किलोंच्या आसपास जड भरलं. थारची स्टेपनी मागच्या दारावर लटकते. ते जादा वजन दाराच्या बिजागऱ्यांनी रोज पेलायचं.

मावतं का, हेही करून पाहिलं. ते उसनं चाक पुढे डाव्या बाजूला लावलं, टायरच्या खांद्यावर पांढरा खडू फासला, उजवं मागचं चाक लोखंडी घोडीवर चढवून गाडी तिरपी केली आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. चाक काढल्यावर आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरवर मागच्या कोपऱ्यात खडूचा वीतभर पट्टा उमटला होता. बंपरच्या टोकालाही पुसट रेघ. म्हणजे तेहतीससाठी एक तर लिफ्ट, नाहीतर कापाकापी. खरं सांगायचं तर दोन्ही थोडं थोडं, कारण लिफ्टने चाक थांबल्या जागी खाली सरकतं, खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबलं की ते परत तिथेच येऊन घासतं.

पर्याय

पहिला पर्याय भाऊंचा: २८५/७० आर १७ आणि दोन इंची लिफ्ट.

दुसरा: २६५/७० आर १७, ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचं टायर. व्यास ८०३, वाढ फक्त १४, डिफ ७ मिलिमीटर वर. ऐकायला किरकोळ. पण रिम एक इंचाने लहान झाल्यामुळे बाजूची भिंत १६६ वरून १८५ वर जाते. चिखलात आणि दगडात काम करते ती ही भिंत. हवा कमी केली की तीच दबते, टायर लांबट पसरतं, जमिनीवरचा ठसा वाढतो. मीटरचा फरक दोन टक्क्यांच्या आत.

तिसरा पर्याय मी मांडला आणि भाऊंनी हसण्यावारी नेला. याच थारच्या खालच्या मॉडेलला कंपनी २४५/७५ आर १६ टायर आणि साधे लोखंडी रिम देत असे. त्या चाकांचा एक जादा सेट शेतासाठी आणि रविवारसाठी घ्यायचा, अठराचे मुंबईसाठी ठेवायचे. भिंत १८४, म्हणजे दुसऱ्या पर्यायाइतकीच. लोखंडी रिम वाकलं तर हातोड्याने सरळ होतं. आणि माप कंपनीचंच. तोटा एवढाच की व्यास १५ मिलिमीटरने घटतो, डिफ साडेसात मिलिमीटर खाली येतो. भाऊ म्हणाले, "अठरावरून सोळावर? लोक म्हणतील पैसे संपले म्हणून बेस मॉडेलची चाकं लावली." मी पुढे ताणलं नाही. त्याबद्दल नंतर.

लिफ्टचा प्रश्न वेगळा होता. फूटस्टेप आणि बांध. सरळ उपाय फूटस्टेप काढून टाकण्याचा, पण त्याच्याशिवाय नाना गाडीत चढत नाहीत. म्हणून साधारण ३० मिलिमीटरची लिफ्ट हा मधला मार्ग निघाला. ती कशी करायची यावर आमच्यातच वाद झाला. स्वस्त उपाय म्हणजे पुढच्या कॉइलओव्हरच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला भाग) डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती. पुढे डबल विशबोन आहे. कॉइलओव्हरचं खालचं टोक विशबोनच्या मधे कुठेतरी टेकतं, चाकाजवळ नाही. त्यामुळे वर घातलेला स्पेसर चाकाशी त्याच्या जाडीपेक्षा बराच जास्त उचलतो. लोक दोन इंच उंची हवी म्हणून दोन इंची स्पेसर मागतात आणि गाडी तीन-साडेतीन इंच उभी राहते. शिवाय चाक हवेत लोंबलं की विशबोन कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जातो, बॉल जॉइंट आणि एक्सलचे सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारे सांधे) ताणले जातात. हा उपाय मिस्त्रींनी साफ नाकारला. शेवटी चारही बाजूंना थोड्या उंच स्प्रिंगा, शॉकअप्स मूळचेच, असं ठरलं.

कायद्याचंही बोलणं झालं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध गाडीत बदल करू देत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लिफ्ट यात येते, कंपनीच्या यादीबाहेरचं टायरही वादात सापडतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण पडतं. हे जॉबकार्डावर लिहून भाऊंची सही घेतली. सही घेतली म्हणून आमची जबाबदारी संपली असं मी तेव्हा समजत होतो. आज तसं वाटत नाही.

काय केलं

२६५/७० आर १७ चे पाच टायर, १७ चे रिम, चार स्प्रिंगा. शिवाय पोर्टेबल कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज, ज्यांना भाऊ आधी तयारच नव्हते. दोन दिवसांत काम झालं. अलाइनमेंट केली, हेडलाइटचा झोत खाली आणला, नाहीतर घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे गेले असते. उंची किती वाढली ते मोजलं: पुढे २८ मिलिमीटर, मागे रिकाम्या गाडीला ३४.

मागच्या स्प्रिंगा निवडताना एक चूक झाली, आणि ती माझी. भाऊ म्हणाले होते, "सीझनमध्ये मागे क्रेट असतात." मी ते ऐकून जास्त ताकदीच्या स्प्रिंगा घेतल्या. सीझन म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. उरलेले नऊ महिने गाडी रिकामी फिरते, हे विचारायचं राहिलं.

पहिला पावसाळा

जुलैत भाऊंचा पहिला फोन आला तो खुशीचा. पाणंदीतून गाडी बाहेर निघते. मी विचारलं, हवा किती ठेवता? ३० पीएसआयची १८ करतो, म्हणाले, पॅकहाऊसवर परत भरतो. दोन दिवसांनी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पाहिलं. रात्रभर पाऊस होऊन गेलेला, माती अशी की चप्पल उचलली तर पाय एकटाच वर यावा. १८ वर चाक पसरून चालत होतं, चाकोरीच्या कडेवर चढत होतं. चढलं की डिफचा प्रश्नच उरत नाही, कारण गाडी चाकोरीच्या बाहेर असते. टायर मोठं झाल्याने जे सात मिलिमीटर मिळाले, त्यांचा यात वाटा नगण्य.

मुसळधार पावसानंतर पहिल्या दोनेक तासांत मात्र तेही चालत नाही. काळी माती टायरच्या खाचांत भरते, चाकं चारही बाजूंनी गुळगुळीत गोळा होतात. तिथे तेहतीसही तसाच गोळा होतो, फक्त मोठा.

तक्रारी ऑगस्टपासून सुरू झाल्या. पहिली नानांची. गतिरोधकावर मागून दणका बसतो, मुंबईपर्यंत कंबर धरते. दुसरी आवाजाची: गतिरोधक उतरताना पुढून "टक्" असा आवाज. त्याचं कारण समजायला सोपं आहे. शॉकअपची लांबी ठरलेली. उंच स्प्रिंगेने गाडी वर उभी राहिली की शॉकअप अर्धा उघडाच असतो. चाक खाली लोंबायला जागा कमी उरते आणि तो आतल्या आत टोकाला आपटतो. दगडात चाक जितकं खाली पोचेल तितकी पकड टिकते, आणि आम्ही नेमकं तेच कमी करून ठेवलं होतं. पेठ रस्त्याच्या बाजूला एका ओहोळात भाऊंचं पुढचं चाक हवेत फिरताना ग्रुपने पाहिलं; आधीच्या वर्षी त्याच जागी ते टेकलं होतं, असं भाऊ स्वतःच म्हणाले.

तिसरी गोष्ट कसारा घाटातली. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला आळस करत होतं. पुढची उंची वाढली की चाकाचा मागे कललेला कोन, कॅस्टर, घटतो, आणि स्टिअरिंग परत फिरवणारी ताकद त्यातूनच येते. आम्ही तीनदा अलाइनमेंट केली. मूळ आकड्यांच्या जवळ पोचलो, पण आत नाही.

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीच्या गडबडीत भाऊ आले, तेव्हा उजव्या पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे उडालेले होते. सीव्ही जॉइंटचं रबरी बूट फाटलेलं. काटा किंवा दगड लागल्याची खूण नव्हती. घडीवर घडी घासून रबर पातळ झालं होतं. वाढलेल्या कोनात ते बूट रोज फिरत होतं. जॉइंट वेळेवर सापडला म्हणून वाचला.

आणि नाना? लिफ्टनंतर त्यांना फूटस्टेपवरही पाय टाकवेना. घरच्यांनी द्राक्षांचा प्लॅस्टिकचा क्रेट गाडीत ठेवला. दार उघडायचं, क्रेट पालथा घालायचा, नाना चढायचे, कोणीतरी क्रेट मागे टाकायचा. ज्यांच्यासाठी फूटस्टेप वाचवायला लिफ्ट केली, त्यांनाच आता फूटस्टेप पुरत नव्हता. हे भाऊंच्या तोंडून हसत हसत ऐकलं, पण मला हसू आलं नाही.

निकाल

नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. त्या भाऊंनी पॅकहाऊसच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या, नाहीतर नव्या घ्याव्या लागल्या असत्या. अलाइनमेंट पहिल्याच फेरीत आकड्यात बसली. टक् आवाज गेला. २६५/७० मूळ उंचीवर कुठेही घासत नाही, हे खडू लावून पुन्हा पाहिलं. वाकलेला फूटस्टेप काढून, जमिनीपासून जास्त उंचावर बसणारी आणि बॉडीला चिकटून जाणारी नळीची पायरी त्या जागी लावली. बांध ओलांडताना ती आजवर दोनदा टेकली, वाकली नाही.

२०२५ चा पावसाळा गाडीने याच अवस्थेत काढला. ग्रुपबरोबर एकदा ओढून काढावी लागली. भाऊंनी त्याचाही व्हिडिओ स्वतःच ग्रुपवर टाकला. जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईला ते त्याच रस्त्याने जातात. तिथे सपाट भागात १२० ची मर्यादा आहे, आणि तेहतीस लावले असते तर काट्यावर १२० म्हणजे प्रत्यक्षात १२६ झाले असते, हे त्यांनी मला हिशोब करून सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

टायर आणि लिफ्ट एकाच दिवशी बसवायला नको होते. आधी टायर आणि हवेचं गणित, मग एक अख्खा पावसाळा, मग लिफ्टचा विचार. तसं केलं असतं तर स्प्रिंगांचा खर्च वाचला असता, आणि तो पाच टायरांच्या निम्म्याच्या आसपास होता. आम्ही मजुरी माघारी दिली. स्प्रिंगा विकल्या गेल्या नाहीत, आमच्याच माळ्यावर पडल्या आहेत.

फूटस्टेपचा प्रश्न फूटस्टेपनेच सुटणार होता. पायरी बदलायला तासभर लागतो. पिटमध्ये उभं राहून वाकलेली पायरी डोळ्यांनी पाहिल्यावरही आम्ही तिच्यासाठी सगळी गाडी उचलली, कारण आलेल्या माणसाच्या तोंडी लिफ्ट हा शब्द होता आणि तो आमच्याही डोक्यात शिरला.

सोळाच्या चाकांबद्दल मात्र अजून खटकतं. साडेसात मिलिमीटरचा तोटा मी तेव्हा मोठा मानला. पाणंदीत काम हवेने आणि टायरच्या भिंतीने केलं, हे दिसल्यावर तो तोटा किती क्षुल्लक होता ते कळलं. आज जी चाकं गाडीवर आहेत, त्यांचा कागदोपत्री प्रश्न शिल्लकच आहे. सोळाच्या सेटने तो बहुधा उद्भवलाच नसता. लोक काय म्हणतील यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी गप्प बसलो. एक सेट उसना आणून पाणंदीत एक फेरी मारून दाखवायला हवी होती. मागच्या महिन्यात भाऊंनी आपणहून विचारलं, ते लोखंडी रिम अजून मिळतात का. शोधतोय.

लिफ्ट उतरली, नवी पायरी आली, तरी तो क्रेट गाडीत मागेच असतो. मी विचारलं तर नाना म्हणाले, "राहू दे. बांधावर बसायला होतो."